कापूस येण्याआधीचं कापड

गांजाच्या शेतात नर झाड म्हणजे विघ्न. त्याचे पराग उडाले की मादीच्या तुऱ्यात बी धरतं आणि माल उतरतो. म्हणून पीक फुलोऱ्यावर येण्याआधी जाणकार माणूस शेतभर फिरायचा, नर ओळखायचा आणि मुळासकट उपटून टाकायचा. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होई. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभर फिरून १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या, त्यात या शेतीची बारकाईने नोंद आहे. त्याच काळात कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात हेच नर झाड आधी उपटलं जायचं, पण ते जपून ठेवायला. नराच्या सालीचा धागा मादीपेक्षा मऊ आणि बारीक निघतो, आणि डोंगरातली माणसं त्याचं कापड विणत. मादी झाडं बियांसाठी मागे उभी राहत. नगरकडे जे झाड टाकाऊ, ते पहाडात अंगावर चढत होतं.

याचं कारण या झाडात, म्हणजे भांगेत, नाही, कापसात आहे. जिथे कापूस पिकतो तिथे भांगेचं कापड कुणी हौसेनं विणलेलं दिसत नाही. जिथे कापूस पिकत नाही, त्या थंड मुलखांत गरिबाच्या अंगावर शतकानुशतकं हेच कापड होतं. या झाडाचा वस्त्र म्हणून मागोवा घ्यायचा तर कापसाचा हात धरूनच घ्यावा लागतो.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण म्हणजे भांगेच्या कापडाबद्दल अलीकडे एक गोष्ट फार ऐकू येते. हे कापड उत्तम होतं, सगळं जग ते वापरत होतं, आणि अमेरिकेतल्या काही कागदसम्राटांनी नि नायलॉनवाल्यांनी संगनमत करून १९३७च्या मॅरिव्हाना कर-कायद्याने त्याचा गळा घोटला, ही ती गोष्ट. जॅक हेरर यांच्या १९८५च्या पुस्तकानं ती जगभर पोचवली. तिच्यात खलनायक आहेत, म्हणून ती लगेच पटते. पण १९३७ साल उजाडेपर्यंत बहुतेक जगानं हे कापड अंगावरून उतरवून ठेवलं होतं. का उतरवलं हे समजायचं तर आधी ते अंगावर कसं चढत होतं ते पाहायला हवं.

धाग्यासाठी भांग दाट पेरतात. दाटीमुळे झाडाला फांद्या फुटत नाहीत, ते उजेडासाठी नुसतं उंच जातं आणि तीनेक महिन्यांत दोन-तीन पुरुष उंचीचा सरळ सोट तयार होतो. धागा असतो सालीत. तो आतल्या काडीला चिकट द्रव्यानं घट्ट धरलेला असतो, तो सोडवायचा तर झाड पाण्यात कुजत घालायचं. मराठवाड्या-विदर्भात ज्यांनी अंबाडी कुजत घातलेली पाहिली आहे त्यांना त्या पाण्याचा वास सांगायला नको. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या राज्यात, १५४१ साली, जनावरं पाणी पितात त्या ओढ्या-तळ्यांत भांग कुजत घालू नये असा कायदाच करावा लागला होता. गंमत अशी की त्याच राजाने १५३३ साली दर साठ एकरांमागे पाव एकर जवस किंवा भांग लावलीच पाहिजे असा हुकूम काढला होता. पीक हवं होतं, कुजलेलं पाणी नको होतं.

कुजल्यावर साल सोलायची, वाळवायची, झोडपून काडीचे तुकडे झटकायचे, विंचरायचं. मग हाती येतो तो वाख. दोर वळायचा असेल तर काम इथे जवळजवळ संपतं. कापड हवं असेल तर इथे सुरू होतं. कापसाचा पेळू चरख्याला लावला की धागा सरसर निघत राहतो. भांगेच्या सालीच्या फिती तशा कातता येत नाहीत. कोरियात आन्दोंगच्या परिसरात अजूनही होतं ते काम पाहिलं तर हे लक्षात येतं. तिथे झाडं वाफवून साल काढतात, वरचा हिरवा थर खरवडून टाकतात आणि मग बायका नखांनी एकेक फीत उभी चिरत जातात, केसाइतकी बारीक होईपर्यंत. एका फितीचं टोक दुसरीच्या टोकावर ठेवायचं, थुंकीनं ओलं करायचं आणि उघड्या गुडघ्यावर तळहातानं वळून सांधायचं. असे हजारो सांधे म्हणजे एका मागाचा ताणा. गुडघ्याची कातडी सोलवटून निघते, नखं झिजतात. पुढे त्या ताण्याला पेज फासून मंद विस्तवावर सुकवायचं, नाहीतर मागावर धागे फुलतात आणि तुटतात. मग विणकाम.

एवढं कळलं की कन्फ्यूशियसचं एक बारीकसं मत एकदम मोठं वाटायला लागतं. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात या माणसानं नोंदवलं आहे की रीतीप्रमाणे विधीची टोपी भांगेच्या कापडाची हवी, पण आता लोक रेशमी वापरतात, ते स्वस्त पडतं, आणि मीही लोकांबरोबर जातो. रेशीम स्वस्त! आपल्याला हे उलटं वाटतं. पण विधीसाठी लागणारं अतितलम भांगेचं कापड सांधायला आणि विणायला इतके तास लागत की रेशमाचा कोश उलगडणं त्याहून हलकं काम ठरे. भांगेचं झाड फुकटात उगवतं. धागा महाग पडतो तो माणसाच्या वेळानं, आणि तो वेळ बहुतेक सगळीकडे बाईचा होता. म्हणूनच तो कुणी हिशेबात धरला नाही, नि गरिबांचं रोजचं जाडंभरडं कापड हेच राहिलं.

झाडाचा मूळ मुलूखही पूर्व आशियाच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासानं भांगेची लागवड सुमारे १२,००० वर्षांपूर्वी पूर्व आशियात सुरू झाली असावी असा निष्कर्ष काढला. चिनी शेतकरी नर आणि मादी झाडांना फार पूर्वीपासून वेगवेगळी नावं देत आले, इतका दोघांचा उपयोग वेगळा. इसवीसन १०५मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्यानं सम्राटाला कागद सादर केला, त्याच्या लगद्यातही सालीबरोबर भांगेचे तुकडे, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी होती. चीनमध्ये सुताचं कापड सामान्य माणसापर्यंत पोचलं ते तेराव्या-चौदाव्या शतकात. तोवर सधनाच्या अंगावर रेशीम आणि बाकीच्यांच्या अंगावर भांग किंवा रॅमी, अशी वाटणी होती.

पश्चिमेकडे हेरोडोटसनं काळ्या समुद्राच्या भागातल्या शकांबद्दल लिहिताना सांगितलं आहे की थ्रेसचे लोक भांगेचे असे कपडे करतात की फार सरावलेल्या माणसालाच ते जवसाच्या कापडापासून वेगळे ओळखता येतील. लगेच पुढे तो शकांच्या तंबूतल्या धुरीचं वर्णन करतो, आणि वाचक ते लक्षात ठेवून कपड्यांचं विसरतात. धागा आणि धुंदी यांची ही सरमिसळ तेव्हापासून या झाडाच्या मागे आहे.

आपल्या जुन्या ग्रंथांत हे झाड पीक म्हणून स्पष्ट दिसतं. पाणिनीनं शेतांची नावं कशी होतात ते सांगताना तीळ, उडीद आणि जवसाच्या पंक्तीत भांग बसवली आहे, म्हणजे भांगेचं शेत ही तेव्हा रोज बोलण्यातली गोष्ट होती. बौद्ध विनयात भिक्खूंना चालतील अशी सहा प्रकारची चिवरं सांगितली आहेत. जवसाचं, सुती, रेशमी, लोकरी, आणि मग साण नि भंग ही दोन वेगवेगळी. मनुस्मृतीनं ब्राह्मणाचं जानवं कापसाचं, क्षत्रियाचं सणाच्या सुताचं आणि वैश्याचं लोकरीचं ठरवलं. या सणाला अभ्यासक बहुधा आपला ताग मानतात. एक मात्र नक्की, की या यादीत कापूस पहिल्या मानाच्या जागी जाऊन बसला होता. सिंधू संस्कृतीपासून कापूस विणणाऱ्या या देशाच्या सपाट प्रदेशात भांगेच्या सालीवर नखं झिजवायची कुणाला गरज होती?

तरीही महाराष्ट्रात या धाग्याचा एक पुरावा आहे, आणि तो कपड्यात नाही, भिंतीत आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू कालवलेले आहेत, असं पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात त्यांना भांग सापडली नाही. तिथे किडींनी गिलाव्याचं बरंच नुकसान केलं, वेरूळला तसं झालं नाही, आणि याचं श्रेय ते भांगेला देतात. म्हणजे कारागिरांना हा वाख ओळखीचा होता. अंगावर घालायला मात्र त्यांच्याकडे सुती धोतर होतं.

दोराचं कामही आपल्याकडे भांगेनं केलं नाही. ते ताग आणि अंबाडीनं केलं. बैलाचं दावं, कासरा, मोटेचा नाडा, बाजेची सुंभ-दोरी, सगळं यांच्या वाखाचं किंवा काथ्याचं. इंग्रज आले तेव्हा त्यांना दोर हवे होते आणि त्यांच्या दोराची बहुतेक भांग रशियातून यायची. ट्रफाल्गरला लढलेल्या व्हिक्टरी या एका युद्धनौकेवर सुमारे ४२ किलोमीटर दोर लागत होता. तो जवळपास सगळा भांगेचा, आणि ती भांग रीगा-पीटर्सबर्गच्या बंदरांतून येणारी. १८०७ साली झारनं नेपोलियनशी हात मिळवला तेव्हा लंडनच्या पोटात गोळा आला. कंपनी सरकारनं आधीपासूनच कलकत्त्याला विल्यम रॉक्सबर्गकरवी देशी धाग्यांच्या चाचण्या चालवल्या होत्या. पुढे क्रिमियन युद्धात तीच धास्ती परत आली आणि १८५५मध्ये फोर्ब्ज रॉयल यांनी हिंदुस्थानातल्या धागा देणाऱ्या वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ काढला. या सगळ्या खटाटोपात आमचा ताग नि अंबाडी त्यांच्या कागदोपत्री बॉम्बे हेम्प आणि डेक्कन हेम्प झाली. खऱ्या भांगेसाठी त्यांनी हिमालयाकडे बोट दाखवलं, कारण तिथे ती कपड्यासाठी पिकत होती.

मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते जपानच्या उत्तरेला, त्सुगारूत. हा आजच्या आओमोरीचा पश्चिम भाग. हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडतं आणि कापूस तिथे रुजत नाही. जपानच्या उबदार दक्षिणेत सोळाव्या-सतराव्या शतकांत कापूस पसरला, लोकांनी भांगेचे कपडे बाजूला टाकले. यानागिता कुनिओ या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकानं कापूस येण्याआधीच्या जपानवर एक सुंदर निबंध लिहिला आहे. अंगाला मऊ लागणाऱ्या कपड्यानं माणसांचं चालणं-बसणं, रंगांची आवड, सगळं कसं पालटलं ते त्यात आहे. त्सुगारूत मात्र सुती कापड दूरवरून येई आणि महाग पडे. १७२४ साली तिथल्या जहागिरीनं काटकसरीचं फर्मान काढून शेतकऱ्यांना सुती कपडे वापरायलाच बंदी केली. शून्याखालच्या थंडीत भांगेचा अंगरखा. सांधलेल्या फितींचं हे कापड विरळ बसतं, धाग्याधाग्यातून वारा आत येतो.

बायकांनी मग काय केलं? निळीत रंगवलेल्या भांगेच्या कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्यानं त्यांनी ती विरळ जागाच भरून काढली. सुती कापड घालायचं नाही असा हुकूम होता, सुती दोऱ्यानं टाके घालू नयेत असा नव्हता. एक, तीन, पाच, सात असे विषम संख्येनं उभे धागे मोजत सुई आडवी न्यायची. त्यातून आपोआप शंकरपाळ्यांचे आकार उमटतात. पाठ आणि छाती दुहेरी जाड व्हायची, उबदार व्हायची. जिथे पाठीवरच्या ओझ्याचा पट्टा खांद्याला घासायचा तिथे टाके जास्त दाट घालत, पश्चिम त्सुगारूच्या अंगरख्यांवर खांद्याशी आडवे पट्टे दिसतात ते त्यामुळे. मुली लहानपणीच हे शिकत आणि हिवाळाभर घरात बसून भरत. याला कोगीन म्हणतात. आज संग्रहालयांत त्याची नक्षी पाहून लोक भान हरपतात, आणि हरपावं अशीच ती आहे. पण तिच्या मुळाशी थंडी आहे आणि एक क्रूर हुकूम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आओमोरीपर्यंत रेल्वे आली, गिरणीचं स्वस्त सुती कापड उतरलं आणि एका पिढीत कोगीन भरणं थांबलं. बायकांनी सुई खाली ठेवली यात मला हळहळण्यासारखं काही दिसत नाही. त्यांनी दीडशेहून जास्त वर्षं वाट पाहिली होती.

कापूस पोचल्यावर भांगेचं कापड जिथे टिकलं ती ठिकाणं दोनच: देवाचं आणि मरणाचं. जपानचा नवा सम्राट गादीवर आल्यावर जो दायजोसाई विधी करतो त्यासाठी तोकुशिमाच्या एका घराण्यानं पिकवून पाठवलेलं भांगेचं वस्त्र लागतं. नोव्हेंबर २०१९मध्येही ते गेलं. चीन आणि कोरियात सुतक पाळणाऱ्यानं भांगेचा खरखरीत, कडा न शिवलेला अंगरखा घालायचा, नातं जितकं जवळचं तितका तो जाड. कोरियात इसवीसन ९३५मध्ये सिल्ला राज्याचा शेवटचा राजा गोर्यो राज्याला शरण गेला. त्याच्या मुलाला ते सहन झालं नाही. तो डोंगरात निघून गेला आणि मरेपर्यंत भांगेचे कपडे घालून कंदमुळांवर राहिला. भांगेच्या वस्त्रातला राजकुमार म्हणूनच कोरिया त्याला ओळखतो. आपलं राज्य मेलं, म्हणून जन्मभराचं सुतक. मेलेल्याला नेसवायचं कापडही तिथे भांगेचंच, आणि आन्दोंगच्या बायका जे अजून विणतात त्यातलं बरंचसं त्याचसाठी विकलं जातं.

अमेरिकेची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती फार सांगून झाली आहे आणि तिच्यातला महत्त्वाचा भाग कुणी सांगत नाही. केंटकीत एकोणिसाव्या शतकात भांग जोरात पिकली. भर थंडीत शेतात उभं राहून लाकडी अवजारानं वाळलेली झाडं मोडायची आणि वाख काढायचा, हे काम गुलामांकडून करून घेत, आणि दिवसाला साधारण ४५ किलोचा नेम ठरलेला असे. या वाखाचं जाड कापड आणि दोर कुणाला लागत? दक्षिणेच्या कापूस मळ्यांना, गाठी बांधायला. कापसाची सरकी काढणारं व्हिटनीचं यंत्र १७९३मध्ये आलं होतं, कापूस वाढेल तशी भांग वाढत गेली, पण ती त्याच्या गाठीवरचं वेष्टण म्हणून. गुलामगिरी गेली, बंगालच्या ज्यूटचं गोणपाट स्वस्त मिळू लागलं आणि हा धंदा बसला. १९३७चा कायदा आला तोवर मरायला फारसं उरलं नव्हतं. त्यानं उरलेली धुगधुगी मात्र घालवली, आणि तोच कित्ता दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपाननं १९४८मध्ये गिरवला. कायदेवाल्यांनी धागा आणि धुंदी यांत फरक केला नाही, हा त्यांचा दोष खराच आहे. १९४२मध्ये फिलिपाइन्सचा दोर जपान्यांच्या हाती गेला तेव्हा त्याच अमेरिकी सरकारनं शेतकऱ्यांना भांग लावा म्हणून चित्रपट काढून विनवलं.

आपल्याकडे कुमाऊँ-गढवालमध्ये भांगेच्या जाड कापडाला भंगेला म्हणतात. त्याच्या धान्य वाहायच्या पिशव्या म्हणजे कुथले. बोरा लोकांतले कुथलिया बोरा त्याच विणकामासाठी ओळखले जात. बियांची चटणी तिथे आजही घरोघरी वाटतात, तिच्यानं नशा येत नाही, आणि थंडीत ती अंगाला ऊब देते असं पहाडी माणसं सांगतात. १९८५चा अमली पदार्थ कायदा आला. त्याच्या १४व्या कलमात धागा आणि बियांसाठी भांग लावायला सरकार परवानगी देऊ शकेल अशी तरतूद पहिल्या दिवसापासून होती. ती वापरायला उत्तराखंडला २०१८ साल उजाडलं, आणि देशातलं ते पहिलं राज्य. तीन दशकं दाराला कुलूप नव्हतं आणि कुणी ते ढकलूनही पाहिलं नाही.

आता बाजारात भांगेचे सदरे मिळतात. त्यांतल्या बऱ्याच सदऱ्यांत कापूस मिसळलेला असतो. भांगेचा लांब वाख कापसाच्या गिरणीतल्या यंत्रांवर चालत नाही, म्हणून तो रसायनांत किंवा विकरांत शिजवून मऊ करतात आणि कापसाच्या तंतूएवढा आखूड कापतात. मग तो कापसात मिसळून कातला जातो. लेव्हाइजनं २०१९मध्ये असेच कपडे काढले. कुठल्याही गिरणीत चालणारं हे तंत्र आहे, आणि त्यातून होणारं कापड चांगलंच असतं. फक्त ज्या लांबीमुळे या धाग्याला ताकद होती ती लांबी त्यात पहिल्यांदा जाते.

उत्तराखंडच्या परवान्याला अट आहे की झाडात टीएचसी हे धुंदी आणणारं द्रव्य ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असावं. पहाडातल्या गावरान वाणांत ते बहुतेक वेळा त्याहून जास्त भरतं. म्हणजे ज्या बियाण्यानं भंगेला दिला, कुथला दिला आणि चटणी दिली, त्याच बियाण्याला परवाना मिळत नाही, आणि बाहेरचं बियाणं त्या उंचीवर, त्या पावसात नीट उतरत नाही. गावरान झाडांतूनच निवड करत कमी टीएचसीचा वाण काढणं हे काही हंगामांचं काम आहे आणि ते डोंगरातल्या कृषी संशोधन केंद्रांनीच करायला हवं. त्याच्या जोडीला पायऱ्यापायऱ्यांच्या त्या लहान वावरांत दोन माणसांना उचलून नेता येईल असं साल सोलायचं यंत्र हवं. परवाने आणखी वाटण्याआधी या दोन गोष्टींना पैसा मिळाला पाहिजे. नाहीतर भंगेला पुन्हा विणला जाईल तो कुणा पहाडी बाईच्या नखांवर, आणि तिची मुलगी ते काम करणार नाही. तिनं का करावं?